भांडण छोटं, पण पक्षकार किती!

दहिसर पूर्वेला आमच्या महिला मंडळाची एक लहानशी खोली आहे. दर शनिवारी दुपारी आम्ही चौघीजणी तिथे सल्ला केंद्र चालवतो. मारहाण, पोटगी, जागेचे वाद, अडलेलं पेन्शन हे आमचे नेहमीचे विषय. पण गेल्या काही वर्षांत एका वेगळ्याच प्रकारच्या तक्रारी घेऊन बायका येऊ लागल्या आहेत. कुणाची कविता महिला दिनाच्या कार्यक्रमात दुसरीच बाई स्वतःची म्हणून वाचते. कुणाच्या लग्नातला फोटो तिला न विचारता दुकानाच्या फलकावर झळकतो. एका बचत गटाने कष्टाने तयार केलेली फराळाची पुस्तिका दुसरा गट मुखपृष्ठ बदलून, आतला मजकूर जसाच्या तसा ठेवून विकतो. नुकसान किती म्हणून विचारावं तर पाचशे, दोन हजार, फार तर दहा हजार रुपये. घरातले म्हणतात, "एवढ्याशासाठी काय भांडायचं? सोडून दे." ती सोडून देते, पण तिच्या मनातून काही ते जात नाही.

कॉपीराइट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर हिंदी सिनेमा, मोठ्या गाण्याच्या कंपन्या आणि काळ्या कोटातले नामांकित वकील येतात. आपला आणि त्याचा काय संबंध, असं वाटतं. पण भारताचा कॉपीराइट कायदा १९५७ सालचा आहे आणि लेखिका नामवंत आहे की गृहिणी, हे तो विचारत नाही. तुम्ही वहीत लिहिलेली कविता, शाळेच्या संमेलनासाठी बसवलेली नाटुकली, मंडळाच्या स्मरणिकेतला लेख, हाताने काढलेलं चित्र, या सगळ्यांना लिहिल्या-काढल्याच्या क्षणापासून संरक्षण मिळतं. त्यासाठी कुठे नोंदणी करावीच लागते असं नाही. लेखिकेच्या हयातीत आणि तिच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हा हक्क टिकतो.

अडचण वेगळीच आहे. अशा छोट्या भांडणात "चोर कोण?" एवढाच प्रश्न विचारला जातो. खरं तर आधी विचारायला हवं की या भांडणात पक्षकार कोण कोण आहेत? लिहिणारी एक असते, कायद्याने मालक दुसराच असू शकतो, वापरणारा तिसरा, फायदा मिळवणारा चौथा आणि मधल्या मधे अडकलेला छापखानेवाला किंवा हॉलवाला पाचवा. ही माणसं बहुतेक वेळा एकाच गावातली, एकाच आळीतली असतात. उद्या भाजी घेताना एकमेकांसमोर उभी राहणार असतात. म्हणून कोण कुठे उभं आहे हे नीट कळलं, तर निम्मं भांडण तिथेच मिटतं.

एक अनुभव सांगते. आमच्याच भागातल्या एक शिक्षिका आल्या होत्या. खासगी शाळेत गणित शिकवतात, दरवर्षी नव्याने होणाऱ्या कंत्राटावर. त्यांनी मे महिन्याच्या सुट्टीत घरी बसून एक बालनाट्य लिहिलं. विषय आपली दहिसर नदी. राष्ट्रीय उद्यानातून स्वच्छ निघालेली नदी वस्तीत आल्यावर नाला कशी होते, हे नदीच्याच तोंडून सांगितलेलं. शाळेच्या संमेलनात ते झालं, मुलांनी छान केलं. पुढच्या वर्षी उन्हाळी नाट्यशिबिर घेणाऱ्या एका सरांनी तेच नाटक तिकीट लावून केलं. पत्रकावर लेखक आणि दिग्दर्शक म्हणून सरांचंच नाव.

बाई रडत नव्हत्या, पण आवाज कापत होता. "ताई, पैसे नकोत हो मला. पण माझी नदी त्यांच्या नावावर?" आणि लगेच दुसरं वाक्य, "पण यात शाळेचं नाव आलं तर जूनमध्ये माझं कंत्राट वाढेल का?"

मैत्रिणींनो, हे दुसरं वाक्य नीट ऐका. बाईंचं भांडण सरांशी होतं, पण भीती शाळेची होती. कारण मुख्याध्यापिका म्हणत होत्या, "नाटक शाळेसाठी लिहिलं, म्हणजे ते शाळेचं. काय करायचं ते आम्ही बघू." म्हणजे पक्षकार दोन नव्हते, तीन होते.

आता कायदा काय म्हणतो ते बघा. साधारण नियम असा, की जिने लिहिलं तीच पहिली मालक. याला काही अपवाद आहेत. नोकरीचा भाग म्हणून काही लिहिलं असेल आणि वेगळा करार नसेल, तर मालकी नोकरी देणाऱ्याकडे जाते. पण या बाई गणित शिकवायला नेमलेल्या. नाटक लिहिणं हे त्यांच्या कामात नव्हतं, लिहिलंही सुट्टीत, घरी. तेव्हा नाटक त्यांचंच. समजा त्या शाळेने नाटकं लिहायलाच नेमलेल्या असत्या, तर मालकी शाळेची झाली असती. पण तेव्हाही लेखिका म्हणून नाव बाईंचंच राहिलं असतं. कायद्याच्या ५७ व्या कलमात लेखकाचा खास हक्क सांगितला आहे. मालकी विकली, दिली, गेली, तरी "हे मी लिहिलं आहे" असं म्हणायचा हक्क लेखिकेकडेच राहतो. कुणी तिच्या लिखाणाची मोडतोड करून तिच्या लौकिकाला धक्का लावला, तर त्याला हरकत घ्यायचा हक्कही तिचाच. तिच्यामागे तिचे वारस हरकत घेऊ शकतात.

सरांचीही बाजू ऐकली. ऐकायलाच हवी. शिबिरातल्या एका मुलाने घरून संहितेची झेरॉक्स आणली होती, तिच्यावर कुणाचंच नाव नव्हतं. सर म्हणाले, "मला वाटलं, शाळेत पडलेलं कुठलं तरी जुनं नाटक असेल." कायदा अशा नकळत चुकणाऱ्याचाही विचार करतो. हे कुणाच्या हक्काचं आहे हे माहीत नव्हतं आणि माहीत असायचं कारणही नव्हतं, असं त्याने सिद्ध केलं, तर त्याच्याकडून नुकसानभरपाई घेता येत नाही. पण पुढचे प्रयोग थांबवता येतात आणि झालेल्या नफ्यातला वाटा कोर्ट देववू शकतं. शिवाय "माहीत नव्हतं" म्हणून नाव मोकळं ठेवणं वेगळं आणि तिथे स्वतःचं नाव घालणं वेगळं. हे आम्ही सरांना सांगितलं तेव्हा ते गप्प झाले.

तिघांना आम्ही एका शनिवारी एकत्र बसवलं. दोन तासांत एक पान लिहून झालं. पुढच्या प्रत्येक प्रयोगाच्या पत्रकावर बाईंचं नाव, प्रत्येक तिकीट प्रयोगामागे ठरलेलं मानधन, शाळेला स्वतःच्या संमेलनात नाटक विनामूल्य करायची मुभा आणि शाळेच्या वार्षिकात लेखिका म्हणून बाईंचा उल्लेख. तिघांच्या सह्या झाल्या. जूनमध्ये बाईंचं कंत्राट वाढलं. पण ते वाढेपर्यंतचे तीन महिने त्यांनी कसे काढले, ते त्यांनाच माहीत. मोठ्या कंपन्यांच्या खटल्यात रक्कम पणाला लागते. अशा छोट्या भांडणात माणसाची नोकरी, शेजार आणि घरातली शांतता पणाला लागते.

आता फोटोचं बघू. लग्नाचे फोटो कुणाचे? काढणाऱ्याचे की ज्यांनी पैसे मोजले त्यांचे? इथे कायदा गिऱ्हाइकाच्या बाजूने आहे. पैसे देऊन, सांगून काढून घेतलेल्या फोटोची पहिली मालकी, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याची असते. म्हणजे फलकावर फोटो लावायचा तर फोटोग्राफरने विचारायला हवं. पण "वेगळा करार नसेल तर" हे शब्द महत्त्वाचे. ऑर्डर देताना आपण ज्या कागदावर सही करतो, त्यावर "फोटो जाहिरातीसाठी वापरण्याचा हक्क स्टुडिओकडे राहील" अशी ओळ बारीक अक्षरांत असू शकते. लग्नघाईत कोण वाचतं? पण वाचा. नको असेल तर ती ओळ खोडून शेजारी सही करा. आणि फोटोग्राफरवरही अन्याय नको. आल्बममधला फोटो तुम्ही कुठे छापायला दिला, तर खाली त्याचं नाव घाला. त्या फोटोचा निर्माता तोच आहे.

पाककृतींचं भांडण सगळ्यात अवघड, कारण तिथे दोन्ही बाजूंना वाटतं की आपणच बरोबर. इथे एक जुना निकाल कामाला येतो. आर. जी. आनंद नावाच्या नाटककाराने आपल्या 'हम हिंदुस्तानी' या नाटकावरून 'न्यू देल्ही' हा चित्रपट उचलला, असा दावा केला होता. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये त्यांच्या विरोधात निकाल दिला आणि एक सूत्र सांगितलं. कल्पना, विषय, घटना यांच्यावर कुणाची मालकी नसते. मालकी असते ती कल्पना ज्या रीतीने मांडली त्या मांडणीवर. हेच सूत्र स्वयंपाकघराला लावा. भाजणीचं थालीपीठ किंवा उकडीचे मोदक करायची रीत कुणा एकीची नाही. ती वाचून तुम्ही खुशाल करा, विका, स्वतःच्या शब्दांत लिहा. पण कुणी आपल्या भाषेत, आपल्या टिपांसकट लिहिलेलं पान तसंच्या तसं उचललं, तर ती नक्कल झाली. कमलाबाई ओगले यांचं 'रुचिरा' १९७० साली आलं आणि वाटी-चमच्याच्या मापात स्वयंपाक शिकवून घराघरांत पोचलं. त्यातले पदार्थ आपण सगळ्याच करतो, त्यात काही गैर नाही. पण कमलाबाई १९९९ मध्ये गेल्या, म्हणजे त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०५९ अखेरपर्यंत आहे. त्यांचे परिच्छेद उतरवून दुसरं पुस्तक काढता येणार नाही.

याची दुसरी बाजूही असते. एका बचत गटाला नोटीस आली होती, "तुम्ही आमच्या मोदकांची कृती चोरली." बिचाऱ्या घाबरून विक्री बंद करून बसल्या. आम्ही दोन्ही पुस्तिका शेजारी ठेवून पाहिल्या. तांदळाची पिठी आणि ओलं खोबरं सोडलं तर सारखं काही नव्हतं. अशा वेळी धमकी मिळालेल्या पक्षालाही कायद्याने हात दिला आहे. ६० व्या कलमाप्रमाणे बिनबुडाच्या धमक्यांविरुद्ध तीच व्यक्ती कोर्टात जाऊन धमक्या थांबवायला लावू शकते. नोटीस आली म्हणजे आपण गुन्हेगार ठरलो, असं मुळीच नाही.

लेखक आणि मालक हे वेगवेगळे पक्ष असतात, हे समजायला दोन गाजलेले खटले उपयोगी पडतात. पहिला हिंदी लेखिका मन्नू भंडारी यांचा. त्यांच्या 'आपका बंटी' या कादंबरीवर चित्रपट करायचे हक्क त्यांनी निर्मात्यांना दिले होते. घटस्फोट घेणाऱ्या आईबापांत सापडलेल्या मुलाची ही गोष्ट. 'समय की धारा' हा चित्रपट तयार झाला तेव्हा आपल्या कादंबरीचं विकृत रूप झालं, असं मन्नूजींना वाटलं. हक्क विकल्यावर बोलायचा अधिकार राहतो का, हा प्रश्न होता. खालच्या कोर्टाने त्यांना मनाई हुकूम दिला नाही, तेव्हा त्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. अखेर दोन्ही पक्षांत तडजोड झाली आणि चित्रपटातून लेखिकेचं व कादंबरीचं नाव काढायचं ठरलं. तरीही न्यायालयाने १९८६ मध्ये सविस्तर निकाल दिला आणि सांगितलं, की ५७ वं कलम लेखकाला करारापेक्षा वरचा आधार देतं. सिनेमासाठी थोडेफार बदल होणारच, पण मूळ कृती ओळखूच येऊ नये इतके नाहीत. आमच्या शिक्षिकाबाईंना मी हाच खटला सांगितला होता.

दुसरा खटला अगदी उलटा. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या रामेश्वरी नावाच्या एका झेरॉक्सच्या दुकानावर २०१२ मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या परदेशी प्रकाशकांनी दावा लावला. प्राध्यापकांनी नेमलेली पुस्तकांची पानं एकत्र करून दुकानदार विद्यार्थ्यांना झेरॉक्स देत होता. दुकानदाराबरोबर विद्यापीठही प्रतिवादी. मग विद्यार्थी आणि अभ्यासकांच्या संघटना आपण होऊन खटल्यात आल्या. मौज म्हणजे ज्यांच्या पुस्तकांची पानं झेरॉक्स होत होती, त्यांतल्याच काही लेखकांनी प्रकाशकांच्या विरोधात जाहीर पत्र काढलं. लेखक एकीकडे, मालक दुसरीकडे! २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने शिक्षणासाठीच्या सवलतीचा आधार घेऊन दुकानाच्या बाजूने कौल दिला आणि २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावा मागे घेतला. एका झेरॉक्सवाल्यामागे इतकी माणसं उभी राहिली म्हणून हे झालं. एकटा असता तर पहिल्याच नोटिशीला त्याने दुकानाचं शटर ओढलं असतं.

आता आपल्या मंडळांचा प्रश्न. हळदीकुंकू, भोंडला, वर्धापन दिन, यांत गाणी आणि नाटुकली असतातच. मग आपणही आरोपी का? घाबरू नका. हौशी मंडळाने तिकीट न लावता, फुकट बघणाऱ्यांसमोर कविता, गाणं किंवा नाटक सादर केलं, तर कायदा त्याला नक्कल मानत नाही. धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी केलेल्या हौशी प्रयोगालाही ही सवलत आहे. पण तिकीट लावलं, की लेखकाची परवानगी हवी. आणि सवलत सादर करण्यापुरती आहे, नाव गाळण्यासाठी नाही. निवेदन करणाऱ्या बाईने कवयित्रीचं नाव घ्यायला किती वेळ लागतो? व्हॉट्सअॅपवर आलेल्या कवितेखाली नाव नसेल, तर निदान "माझी कविता" तरी म्हणू नये.

लग्नातल्या गाण्यांवरून तर गोव्यात मोठा वाद झाला. लग्नाची वरात आणि लग्नाशी जोडलेले समारंभ यांत वाजणाऱ्या संगीताला कायद्यात सूट आहे. तरी हॉटेल आणि हॉलवाल्यांकडे संगीत कंपन्या परवान्याचे पैसे मागत होत्या. म्हणून गोवा सरकारने जानेवारी २०२४ मध्ये परिपत्रक काढलं, की अशा समारंभांसाठी पैसे मागू नयेत. संगीत कंपन्या त्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठात गेल्या आणि ऑगस्ट २०२४ मध्ये ते परिपत्रक रद्द झालं. याचा अर्थ लग्नाची सूट गेली असा नाही. कायद्यातलं कलम आहे तसंच आहे. पण ते कुठल्या समारंभाला किती लागू पडतं हे सरकारी परिपत्रकाने ठरवता येणार नाही. या वादात वधूपिता, हॉलवाला, डीजेवाला आणि कंपनी असे चार पक्ष होतात आणि बिल मात्र बहुतेक वेळा वधूपित्याच्या नावावर फाडलं जातं. हॉल ठरवतानाच "परवान्याचा खर्च कुणाचा?" हे पावतीवर लिहून घ्या.

एवढं सगळं असूनही समजा समजुतीने मिटलं नाही, तर जायचं कुठे? खरी अडचण इथेच आहे. कॉपीराइटचा दावा तालुक्याच्या कोर्टात लावता येत नाही, तो जिल्हा न्यायालयातच लावावा लागतो. एक सोय मात्र चांगली आहे. जिचा हक्क गेला ती स्वतः जिथे राहते तिथल्या जिल्हा न्यायालयात जाऊ शकते, समोरच्याच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. नक्कल झाल्यापासून तीन वर्षांच्या आत दावा लावायला हवा. पण दोन हजारांच्या भरपाईसाठी वकिलाची फी, तारखा, कामाचे बुडालेले दिवस कोणाला परवडणार? दुसरा रस्ता पोलिसांचा. जाणूनबुजून केलेली नक्कल हा गुन्हा आहे, शिक्षा सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत आणि दंड पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचं सांगितलं. म्हणजे छोट्या भांडणासाठी एक तर हात बांधलेले, नाही तर थेट तलवार! शेजारच्या गटातल्या बाईला पुस्तिकेवरून अटक व्हावी, असं कुणाला वाटेल?

बाहेरच्या देशांनी यावर मधला मार्ग काढला आहे. इंग्लंडमध्ये २०१२ पासून अशा हक्कांच्या छोट्या दाव्यांसाठी वेगळी सोपी पद्धत आहे, मर्यादा दहा हजार पौंडांची. अमेरिकेने २०२० च्या डिसेंबरमध्ये कायदा करून कॉपीराइटच्या छोट्या दाव्यांसाठी एक मंडळ नेमलं. जून २०२२ पासून ते काम करतं. तीन अधिकारी असतात, फी एकूण शंभर डॉलर, भरपाईची मर्यादा तीस हजार डॉलर. वकील लागत नाही, काम घरबसल्या इंटरनेटवरून चालतं. मला त्यातल्या दोन गोष्टी आवडल्या. एक म्हणजे तिथे फक्त हक्क गेलेलीच येते असं नाही, "मी नक्कल केलेली नाही, तसं सांगा" म्हणत आरोप झालेली व्यक्तीही येऊ शकते. दुसरी म्हणजे समोरच्या पक्षाला साठ दिवसांत "मला इथे नको, नेहमीच्या कोर्टात चला" असं सांगायची मुभा आहे. यात एक उणीवही दिसते. ज्याला टाळायचं असेल तो टाळू शकतो. पण छोट्या माणसांसाठी छोटं दार असावं, एवढी गोष्ट तरी त्यांनी मानली. आपल्याकडे निदान जिल्ह्याच्या ठिकाणी असं दार उघडावं, ही मागणी महिला संघटनांनी लावून धरायला हवी.

तोवर हातात काय आहे? पुष्कळ आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे प्रत्येक स्त्रीला मोफत कायदेशीर मदत मिळते. तिथे तुमचं उत्पन्न विचारलं जात नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण जिल्हा कोर्टाच्या आवारात असतं, तालुक्याच्या कोर्टातही समिती असते. १५१०० या हेल्पलाइनवर फोन करता येतो. दावा लावण्याआधीच दोन्ही पक्षांना बोलावून लोकअदालतीत तडजोड करता येते. तिथे झालेला निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकाच पक्का असतो आणि त्यावर अपील नसतं.

आणि भांडण होऊच नये म्हणून चार सवयी लावून घ्या. लिहिलेल्या प्रत्येक पानावर आपलं नाव आणि तारीख घाला. छापील प्रतीवर जिचं नाव लेखिका म्हणून असतं, उलट सिद्ध होईपर्यंत कोर्ट तिलाच लेखिका मानतं. लिखाण कुणाला देताना स्वतःच्या ईमेलवरून पाठवा, म्हणजे तारखेचा पुरावा राहतो. लिखाण फार मोलाचं वाटत असेल, तर दिल्लीच्या कॉपीराइट कार्यालयात पाचशे रुपये फी भरून नोंदणी करता येते. अर्ज इंटरनेटवरूनही जातो. नोंदणीमुळे हक्क जन्माला येत नाही, पण भांडणात पुरावा म्हणून ती उपयोगी पडते.

सगळ्यात महत्त्वाचं, हक्क देताना तोंडी देऊ नका. "घ्या हो, आपलंच आहे" असं म्हणून आपण मोकळ्या होतो. कायद्याने हक्क लेखी आणि सहीनिशीच दिला जातो. कागदावर मुदत लिहिली नसेल, तर तो पाच वर्षांपुरता धरतात, प्रदेश लिहिला नसेल, तर भारतापुरता. ज्याने हक्क घेतला त्याने वर्षभरात वापरलाच नाही, तर वेगळं काही ठरलेलं नसल्यास तो परत तुमच्याकडे येतो. म्हणून एका पानावर पाच ओळी लिहा: काय दिलं, कशासाठी दिलं, किती दिवसांसाठी, मानधन किती आणि नाव कसं छापायचं. मानधन शून्य असलं तरी लिहा. नावाची ओळ तर कधीच गाळू नका.

दिवाळी अंक, शाळांची संमेलनं, गणपतीतले कार्यक्रम, सगळीकडे आपल्यासारख्या बायकांचंच लिखाण फिरत असतं. कधी आपण लिहिणाऱ्या असतो, कधी वापरणाऱ्या, कधी छापून घेणाऱ्या. आज एका बाजूला बसलेली उद्या दुसऱ्या बाजूला बसते. म्हणून पुढच्या कार्यक्रमाची पत्रिका छापायला देण्याआधी मंडळाच्या बैठकीत एकच प्रश्न विचारा, "हे लिहिलंय कुणी?" आणि जिचं नाव निघेल, तिला फोन करा.